‘आधी फिट सर्टिफिकेट आणा’. अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावर येण्यापासून रोखता येते का?

रजा संपलेली असते. पायात रॉड असतो, काठीच्या आधाराने चालता येते. डॉक्टरांनी ‘हलके काम करू शकतात’ असे लिहून दिलेले असते. तो कागद खिशात घालून कर्मचारी सकाळी साडेनऊला कार्यालयात हजर होतो. साहेब चहा मागवतात, तब्येतीची विचारपूस करतात आणि शेवटी म्हणतात, ‘‘हे चालणार नाही हो. पूर्ण फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, मग बघू.’’

फिट सर्टिफिकेट मिळणार नसते, कारण पाय पूर्वीसारखा होणार नसतो. हे साहेबांना ठाऊक असते आणि कर्मचाऱ्यालाही. तो घरी परततो. पुढच्या महिन्यात पगार निम्मा होतो, त्याच्या पुढच्या महिन्यात बंद. नोकरीवरून काढल्याचे पत्र मात्र येत नाही. वर्षभराने कुणीतरी सुचवते, ‘‘राजीनामा देऊन टाका, मुलाचं काहीतरी करू.’’

एसटीच्या आगारापासून महावितरणच्या उपविभागापर्यंत, जिल्हा परिषदेच्या शाळेपासून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसपर्यंत ही गोष्ट थोड्याफार फरकाने घडू शकते. तिच्यातला सर्वांत त्रासदायक भाग अपघाताचा नसून त्यानंतरच्या अधांतरी काळाचा आहे. माणूस कामावर नाही आणि कामावरून काढलेलाही नाही. कायद्याने मात्र या काळाचा विचार केलेला आहे आणि तो बऱ्यापैकी स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० मधील चौथे उपकलम या विषयाचा गाभा आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणत्याही सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याला खालच्या पदावर टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवेचे तेच लाभ कायम ठेवून त्याला दुसऱ्या पदावर घ्यायचे. असे पद लगेच रिकामे नसेल, तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत.

अधिसंख्य पद म्हणजे मंजूर पदांच्या संख्येबाहेरचे, त्या माणसापुरते काढलेले जादा पद. ही तरतूद नेमकी ‘सध्या जागा नाही’ या उत्तरासाठी केलेली आहे. जागा नाही हे खरे असले, तरी त्याचा भार कर्मचाऱ्याच्या पगारावर टाकता येत नाही.

या उपकलमात कर्मचाऱ्याने आधी तंदुरुस्ती सिद्ध करावी असे कुठेही म्हटलेले नाही. उलट, तो जुन्या कामाला ‘योग्य नाही’ हे गृहीत धरूनच पुढची वाट आखून दिली आहे. त्यामुळे ‘फिट सर्टिफिकेट आणा’ ही मागणी ऐकायला नियमाची वाटली, तरी ती प्रश्नच उलटा मांडते. कर्मचारी जुने काम करू शकतो का, याचे उत्तर ‘नाही’ आले, की कर्मचाऱ्याची जबाबदारी संपते आणि कार्यालयाची सुरू होते.

सुरक्षेचा मुद्दा अर्थातच खरा आहे. नजर कमी झालेल्या चालकाच्या हाती पन्नास प्रवाशांची गाडी द्या, असे कुणी म्हणत नाही. खांबावर चढता न येणाऱ्या वायरमनला खांबावर चढवा, असेही नाही. पण स्टिअरिंग आणि घर यांच्यामध्ये बऱ्याच जागा असतात. आगारात वाहतूक नियंत्रण आहे, भांडार आहे, कार्यशाळेतली नोंदवही आहे, चौकशी खिडकी आहे.

चाळीस टक्क्यांचा घोळ

दिव्यांग म्हटले की ४० टक्के हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला असतो. भरतीतले आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी तो लागतोही. पण नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांच्या संरक्षणाचे वर सांगितलेले उपकलम ४० टक्क्यांचा उल्लेख करत नाही. तिथे फक्त ‘अपंगत्व’ हा शब्द आहे. ‘तुमचे ३५ टक्केच आहे, तुम्हाला कायदा लागू नाही,’ असे कुणी तोंडी सांगितले, तर ते लेखी मागावे.

दुसरा गैरसमज अपंगत्व म्हणजे हात, पाय, डोळे आणि कान एवढाच आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. आता २१ आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती हे सगळे त्यात येतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेलही येतो. हाड मोडले आणि तीन महिन्यांत जुळले, याला मात्र हा कायदा अपंगत्व मानत नाही. व्याधी दीर्घकाळ टिकणारी असावी लागते. थोड्या दिवसांच्या आजारासाठी नेहमीचे रजा नियमच आहेत.

मानसिक आजाराच्या बाबतीत अडवणूक वेगळ्या रूपात येते. तिथे ‘अनफिट’ म्हणण्याऐवजी गैरवर्तनाची चौकशी लावली जाते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, वर्तनामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण असेल, तर त्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हाही भेदभाव ठरतो. सशस्त्र दलांतील काही पदांना कलम २० मधून सूट देता येते आणि दिलेलीही आहे. तरीही न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला वाऱ्यावर सोडले नाही.

सही करण्याआधी

या विषयावरचे दोन जुने निकाल प्रत्येक युनियनच्या फलकावर लावण्यासारखे आहेत.

पहिला कुणाल सिंग यांचा. ते विशेष सेवा ब्युरोत शिपाई होते. ड्युटीवर झालेल्या दुखापतीतून डावा पाय गमवावा लागला. वैद्यकीय मंडळाने त्यांना सेवेसाठी कायमचे असमर्थ ठरवले आणि १९९८ मध्ये त्यांना घरी पाठवण्यात आले. उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये निकाल फिरवला. सरकारची बाजू अशी होती की, मंडळाने असमर्थ ठरवले आहे आणि असमर्थता निवृत्तिवेतनही मिळते आहे, मग अडचण कसली? न्यायालयाने दोन्ही मुद्दे नाकारले. तेव्हा १९९५ चा कायदा होता आणि त्यातील कलम ४७ आजच्या उपकलमासारखेच होते. ते पाळणे बंधनकारक आहे आणि पेन्शन मिळते म्हणून नोकरीचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

म्हणजे वैद्यकीय मंडळाचा ‘अयोग्य’ हा शेरा आला, की खेळ खलास, ही समजूत दोन दशकांपूर्वीच मोडीत निघाली आहे. तरी कार्यालयांत ती टिकून आहे. मंडळाचा कागद येतो, त्यावर ‘अयोग्य’ शब्द असतो आणि फाइल बंद होते. कोणत्या कामासाठी अयोग्य, हा प्रश्न फाइलवर कुणी लिहीत नाही.

दुसरा निकाल भगवान दास यांचा, जानेवारी २००८ मधला. पंजाबच्या वीज मंडळातला हा लाइनमन. १९९४ मध्ये त्यांची दृष्टी पूर्ण गेली. आता नोकरी जाणारच, असे गृहीत धरून त्यांनी पत्र लिहिले की, निवृत्त व्हायला तयार आहे, पण पत्नीला नोकरी द्या. मंडळाने पत्रातला पहिला भाग उचलला आणि त्यांना निवृत्त केले. पत्नीच्या नोकरीचे काही झाले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा मंडळ म्हणाले, त्यांनी स्वतःच निवृत्ती मागितली होती.

न्यायालयाने हे मान्य केले नाही. चतुर्थ श्रेणीच्या त्या कर्मचाऱ्याला आपला हक्क माहीत नव्हता, अधिकाऱ्यांना मात्र कायदा माहीत असायला हवा होता. तो त्याला समजावून सांगणे हे त्यांचे काम होते. त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन त्याला घरी पाठवता येणार नाही, असा या निकालाचा सूर आहे आणि त्यांना सेवेत परत घेण्याचा आदेश झाला.

‘राजीनामा द्या, मुलाला चिकटवू’ हे वाक्य महाराष्ट्रातही ओळखीचे आहे. अनेकदा ते सांगणाऱ्याच्या मनात वाईट हेतूही नसतो. त्यालाही तोच एक मार्ग ठाऊक असतो. पण मुलाच्या नोकरीचे तोंडी आश्वासन कुठल्याही न्यायालयात उभे राहत नाही आणि राजीनामा मात्र राहतो. भगवान दास जिंकले, पण त्यासाठी १४ वर्षे गेली. आपल्याकडून असा कागद लिहून घेतला गेला असेल, तर सगळे संपले असे समजू नये. अजून लिहिला नसेल, तर लिहू नये.

कागद कसा तयार करायचा

अधांतरी ठेवण्याचे सगळे तंत्र तोंडी चालते. म्हणून कर्मचाऱ्याचे पहिले काम ते लेखी करण्याचे आहे. रजा संपते त्या दिवशी रुजू होण्याचा अर्ज द्यायचा, आवक विभागाचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्यायची. शिक्का देत नसतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने त्याच दिवशी पाठवायचा. अर्जात तीन गोष्टी पुरतात. मी या तारखेपासून कामासाठी हजर आहे, डॉक्टरांच्या मते अमुक काम करू शकतो, आणि जुने काम शक्य नसल्यास कलम २०(४) प्रमाणे समान वेतनाचे पद किंवा अधिसंख्य पद द्यावे. मोठा अर्ज लिहिण्याची गरज नाही. वकिलाचीही या टप्प्यावर गरज नाही.

हा अर्ज गेल्यावर चित्र बदलते. पुढे कार्यालयाने ‘विनापरवाना गैरहजर’ असे लिहिले, तर त्याच्यासमोर शिक्क्याचा कागद असतो. कित्येक प्रकरणे इथेच बिघडतात. माणूस चार महिने फेऱ्या मारत राहतो आणि रेकॉर्डवर मात्र तो गायब असतो.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमलेल्या रुग्णालयात होते. ते मिळायला वेळ लागला, तरी रुजू होण्याचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नये.

दाद कुठे?

प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे कलम २३ नुसार सक्तीचे आहे. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करून विषय वर न्यायचा असतो. समाधान झाले नाही, तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. आपल्या कार्यालयात हा अधिकारी कोण, हे बहुतेकांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारल्यावर कधी कधी कार्यालयालाही तेव्हाच कळते.

त्यापुढची पायरी राज्य दिव्यांग आयुक्तांची. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. रेल्वे, बँका, पोस्ट अशा केंद्राच्या आस्थापनांसाठी दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीला फी लागत नाही. पण त्यांचा शेवटचा शब्द शिफारशीचा असतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. शिफारस मान्य नसेल, तर आस्थापनेने तीन महिन्यांत कारण कळवायचे. निवृत्तीच्या आदेशाला अंतरिम स्थगिती देण्याचा अधिकार आयुक्तांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. म्हणून हाती काढून टाकल्याचा आदेशच पडला असेल, तर पुण्याला अर्ज करून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट गाठावे; केंद्राच्या कर्मचाऱ्याने कॅट. महामंडळे आणि महापालिकांच्या प्रकरणांत उच्च न्यायालयाचा मार्ग आहे.

दंडाची तरतूदही आहे. पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, नंतरच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख. पहिल्या वेळचा हा आकडा एखाद्या महामंडळाला थांबवेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्याऐवजी, अधांतरी ठेवलेल्या काळाचा पगार निर्णय लांबवणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद असती, तर फाइली महिनाभरात हलल्या असत्या.

खासगी नोकरीचे काय?

इथे कायद्याची मोठी उणीव आहे. काढून टाकण्यास बंदी करणारे उपकलम फक्त ‘सरकारी आस्थापने’ला लागू आहे. ही व्याख्या तशी रुंद आहे. सरकारी खाती, महापालिका आणि जिल्हा परिषदा, सरकारी कंपन्या, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही तिच्यात बसतात. अनुदानित शाळेचा संस्थाचालक ‘आमची खासगी संस्था आहे’ म्हणत असेल, तर त्याला ही व्याख्या दाखवावी.

पण चाकणच्या कारखान्यातला ऑपरेटर आणि हिंजवडीतली सॉफ्टवेअर इंजिनीअर तिच्या बाहेर आहेत. मणका दुखावलेल्या एसटीच्या मेकॅनिकला जे पद मिळायला हवे, ते त्याच दुखण्याच्या खासगी मेकॅनिकला मागता येत नाही. दोघांचा अपघात एकाच रस्त्यावर झाला असला, तरीही. मोठ्या खासगी कंपन्यांना, ज्यांच्याकडे शेकडो प्रकारची कामे असतात, पर्यायी काम शोधण्याच्या बंधनातून मोकळे ठेवण्याचे पटण्यासारखे कारण दिसत नाही. छोट्या वर्कशॉपला अधिसंख्य पद परवडणार नाही, हे खरे. पण तेवढ्यासाठी सगळ्यांनाच सूट देण्याची गरज नव्हती. कर्मचारी संख्येची मर्यादा घालता आली असती.

तरी खासगी कर्मचाऱ्याचे हात अगदी रिकामे नाहीत. २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेकडे अपंगत्वावरून भेदभाव झाल्याची तक्रार आली, तर प्रमुखाला दोनच पर्याय उरतात. एक तर कायद्याप्रमाणे कारवाई करायची, नाहीतर आपली कृती योग्य उद्देशासाठी आणि त्या प्रमाणातच कशी आहे, हे तक्रारदाराला लेखी कळवायचे. गप्प बसण्याचा पर्याय नियमात नाही. शिवाय अशा प्रत्येक कंपनीने समान संधी धोरण तयार करून ते जाहीर करायचे असते. एचआरला पहिला ई-मेल या धोरणाची प्रत मागणारा असावा.

कायदा ‘वाजवी सोय’ नाकारणे हाही भेदभाव मानतो. खुर्ची बदलणे, तळमजल्यावर जागा देणे, शिफ्ट बदलणे, स्क्रीन वाचणारे सॉफ्टवेअर देणे ही त्याची साधी उदाहरणे. मालकावर अवाजवी बोजा पडू नये, एवढीच मर्यादा. त्या सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही, असे नियमांतच लिहिले आहे.

आणि इतके करूनही नोकरी गेलीच, तर एक गोष्ट हिशेबात सुटू देऊ नये. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे सेवेची अट असते, पण नोकरी अपंगत्वामुळे संपली असेल, तर ती अट लागत नाही. दोन वर्षे काम केलेल्यालाही ती मागता येते. कामावर असताना अपघात झाला असेल, तर त्याची नुकसानभरपाई हा आणखी वेगळा हक्क आहे.

सर्वांत वाईट अवस्था मात्र ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांची. काम सरकारी वीज कंपनीच्या खांबावर, पगार ठेकेदाराच्या खात्यातून. खांबावरून पडल्यावर कंपनी म्हणते, आमचा माणूस नाही; ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे खांबाशिवाय काम नाही. यंत्रणेतली जोखमीची कामे कंत्राटावर जात असताना ही पळवाट कायद्याने बुजवलेली नाही. दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढणाऱ्या महाराष्ट्राने निदान सरकारी ठेक्याच्या अटींत तरी पर्यायी कामाचे कलम घालायला हवे. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

नोकरी मिळाली, पगाराचे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका बसचालकाचे प्रकरण निकाली काढले. रंगांधळेपणामुळे २०१६ मध्ये त्याला वैद्यकीय कारणावरून निवृत्त केले होते. रंगांधळेपणा दिव्यांग कायद्याच्या यादीत नाही. पण महामंडळ आणि कामगार संघटना यांच्यातील १९७९ च्या करारात रंगांधळ्या चालकांना पर्यायी काम देण्याचे कबूल केलेले होते. न्यायालयाने तो करार उचलून धरला. पर्यायी पद शोधण्याचा खरा प्रयत्नच झाला नाही, असे म्हणत चालकाला त्याच वेतनश्रेणीत योग्य पदावर घेण्याचा आदेश दिला. आपल्या आस्थापनेतही असा एखादा जुना करार कपाटात पडलेला असू शकतो. तो युनियनच्या कार्यालयात जाऊन शोधावा.

मधल्या नऊ वर्षांच्या पगारापैकी त्या चालकाला २५ टक्के थकबाकी मिळाली. म्हणजे बाजू खरी ठरूनही पाऊण पगार गेला तो गेलाच. थकबाकी किती द्यायची, हे न्यायालये प्रकरण पाहून ठरवतात. त्यात एक प्रश्न येतोच: हा माणूस त्या काळात काम करायला तयार होता का, आणि होता, तर कोणत्या तारखेपासून? त्याचे उत्तर आवक विभागाच्या शिक्क्याखाली लिहिलेले असते.